विसावी घंटा

१

एकाच पुस्तकाच्या दोन पानांवर एका माणसाला दोनदा गाडलं होतं, आणि त्या पानांची प्रुफं तपासायचं काम त्याच्याच मुलीकडे आलं होतं.

मंगळवारी सकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. छापखान्यात मुद्रितशोधक आहे, वय बत्तिशीचं, बोटांना शाई. मी तिला ओळखत होतो, कारण माझं सदर तीच तपासते. सदराचं नाव 'हे म्हणालं कोण?' लोक अर्धवट आठवणारी वाक्यं पाठवतात आणि मी त्या वाक्यांचे बाप शोधून देतो. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला दुसरं येणार तरी काय? छापखान्यातली मंडळी मला मागून 'मूळपुरुष' म्हणतात. तोंडावर म्हणायची त्यांची छाती नाही, कारण मग हे नाव पहिल्यांदा कोणी पाडलं ते मी शोधून काढीन.

"काका, हे वाचा," ती म्हणाली, आणि दोन ओली प्रुफं माझ्यापुढे ठेवली.

शीतगृहाची पन्नास वर्षांची स्मरणिका होती. पान एक्केचाळीसवर लिहिलं होतं: 'बत्तीस वर्षांपूर्वी वायरमनच्या हलगर्जीपणामुळे घंटेची तार तुटलेली राहिली आणि चार नंबरच्या खोलीत अडकलेल्या आमच्या मोजणीदाराची हाक कोणालाही ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मृतावस्थेत आढळले.' पान बेचाळीसवर 'हसा लेको' असं सदर होतं. त्यात तिसरा विनोद: 'थंडीनं कोणी मरत नाही, शंभराव्या घंटेची वाट बघत मरतो. (शीतगृहातला जुना विनोद)'

"तो वायरमन म्हणजे माझे बाबा. तीन आठवड्यांपूर्वी गेले."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"शेवटच्या आठ दिवसांत सारखं एकच म्हणायचे, 'थंडीनं कोणी मरत नाही.' एवढंच. मी विचारायची, पुढे काय बाबा? तर भिंतीकडे तोंड करायचे. मामा म्हणाला, ताप डोक्यात गेलाय. आणि काल हे प्रूफ हातात आलं. पुढचं मला विनोदाच्या पानावर सापडलं."

"मामा कोण?"

"आईचा भाऊ. तोही तिथेच होता, कॉम्प्रेसरवर. बाबांची नोकरी गेली त्यानंतर घर त्यानंच चालवलं. माझं शिक्षण, आईचं आजारपण, सगळं." ती आता बसली. "मोजणीदाराची बायको आमच्याच वसाहतीत राहते. बत्तीस वर्षं तिनं आमच्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. मी लहानपणी तिच्या दारात चेंडू आणायला गेले तर म्हणाली, माणूस मारणाऱ्याच्या पोरीनं माझी पायरी चढू नये. बाबांच्या अंत्ययात्रेला सात माणसं होती, त्यातली चार आपल्या छापखान्यातली. शुक्रवारी ही पानं मशीनवर चढतात, काका. एकदा छापलं की हजार घरांत बाबा खुनी. मला फक्त कळायला हवं, हे वाक्य कोणाचं? ते बाबांना इतकं का लागलं होतं?"

मी वाक्य पुन्हा वाचलं. माझ्या धंद्यात वाक्य दोनदा वाचायची सवय असते. पहिल्यांदा हसायला, दुसऱ्यांदा संशयानं.

"पोरी," मी म्हणालो, "तार तुटलेली होती ना? मग या विनोदातल्या घंटा वाजल्या कुठे?"

२

विनोदात असली खोड काढणारा माणूस कोणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे. नुसत्या घंटांवरून काही सिद्ध होत नव्हतं. कोणीतरी कल्पनेनंही रचलं असेल. पण माझा अनुभव असा, की वाक्याचा बाप सापडला की वाक्य कशापोटी जन्मलं तेही कळतं.

माझ्या खणात या वाक्याच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. एका डॉक्टरच्या भाषणात 'पन्नासाव्या घंटेची' होतं, एका निरोपसमारंभात 'शंभराव्या', आणि तीन वर्षांपूर्वी एका विनोदी वक्त्यानं 'हजाराव्या' करून टाळ्या घेतल्या होत्या. सांगोवांगी आकडा वाढतो, कधी कमी होत नाही. माणसाचं पोट आणि विनोदातला आकडा, दोन्ही वयाबरोबर सुटतात. म्हणजे सगळ्यात लहान आकडा जिथे असेल तिथे मूळ असणार.

तरी वक्त्याला फोन केला.

"वाक्य माझंच आहे!" तो म्हणाला. "लिहून घ्या, मालकी माझी."

"घंटा कसली?"

"कसली म्हणजे? घंटा. ऑफिसातली. साहेब वाजवतो ती."

"आणि थंडी?"

"एसीची हो!"

मी फोन ठेवला. ज्याला वाक्यातल्या वस्तू ठाऊक नाहीत तो वाक्याचा बाप नसतो, फार तर दत्तक घेणारा असतो.

दुपार मी ग्रंथालयाच्या तळघरात घालवली. शीतगृहाच्या कामगार संघटनेचं एक हस्तलिखित पत्रक निघायचं, त्याच्या प्रती वाळवीनं उष्ट्या करून ठेवल्या होत्या. अपघातानंतर तीन महिन्यांनी निघालेल्या अंकात, शेवटच्या पानावर, जांभळ्या शाईत मला ते दिसलं. सदराचं नाव 'कँटीनमध्ये ऐकलेलं'.

'थंडीनं कोणी मरत नाही, विसाव्या घंटेची वाट बघत मरतो.'

वीस. शंभर नाही, पन्नास नाही, वीस. खाली सांगणाऱ्याचं नाव नव्हतं, पण ऐकणारीचं होतं: 'कँटीनच्या मावशींकडून'.

तिथे बसल्याबसल्या मला एक प्रश्न सुटेना. विनोद करणारा माणूस दहा म्हणेल, शंभर म्हणेल, तोंडाला येईल तो गोल आकडा म्हणेल. पण विसावी म्हणजे आधीच्या एकोणीस कोणीतरी मोजल्या होत्या. एकोणीसपर्यंत मोजणारा माणूस विनोद करत नसतो.

३

कँटीनच्या मावशी आता जावयाकडे राहतात. ऐकू चांगलं येतं, दिसत कमी. मला त्यांनी आधी ग्रंथालयाचा शिपाई समजून परत न केलेल्या पुस्तकाबद्दल माफी मागितली. मी माफ केलं.

"घंटेचं काय हो एवढं मनाला लावून घेताय?" त्या म्हणाल्या. "आमच्यात चहाची घंटा होती ती."

"म्हणजे?"

"खोल्यांच्या दाराला आतून एक दांडा असायचा, ओढला की दार उघडतं. पण बर्फ धरून तो अडकायचा. महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी आत कोंडलं जायचं. मग आतलं बटण दाबायचं, कॉम्प्रेसरच्या खोलीत घंटा वाजायची, तिथला माणूस जाऊन बाहेरून दार उघडायचा. आता पोरं ती, काही ना काही गंमत काढणारच. ठरलं असं, की आतला जितक्या घंटा वाजवील तितके कप चहा त्यानं सगळ्यांना पाजायचे. त्यामुळे बाहेरचा काय करायचा? मुद्दाम उठायचाच नाही लवकर. बसायचा मोजत. एकदा एका हमालाकडून नऊ कप वसूल केले होते मेल्यांनी. तो बाहेर आला तर ओठ निळे, आणि हे सगळे पोट धरून हसतायत. मीच चहा ओतला, मीही हसले."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"त्यानंतर कधी हसायला नाही आलं बघा."

"आणि हे वाक्य म्हणालं कोण?"

"वायरमन."

मला उत्तर हवं होतं, पण हे नको होतं.

"शेवटचा दिवस होता त्याचा," मावशी सांगू लागल्या. "नोकरीवरून काढलेलं. हत्यारांची पेटी जमा करायला आला होता. चहा दिला मी. सगळे बसलेले, कोणी त्याच्याशी बोलेना. तेव्हा त्याचा मेहुणा म्हणाला, कॉम्प्रेसरवाला हो, आपला उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, की मोजणीदार बिचारा थंडीनं झोपेतच गेला असणार, त्याला कळलंही नसेल. तर वायरमननं पेला खाली ठेवला आणि हे म्हणाला. विसाव्या घंटेची वाट बघत मरतो."

"हसत म्हणाला?"

"छे! हसले ते बाकीचे. त्यांना वाटलं चहाचा विनोद केला, वीस कप. पहिला मेहुणा हसला, मग त्याच्या मागून सगळे. वायरमन उठून गेला."

"वीसच का म्हणाला असेल?"

"ते मी काय सांगू? पण एक आहे. तो वायरमन होता. मोजमाप केल्याशिवाय तोंडातून आकडा काढणारा माणूस नव्हता तो."

४

स्मरणिका समितीचे अध्यक्ष म्हणजे त्या काळचे मॅनेजर. सगळे अजून 'साहेब' म्हणतात. घर नीटनेटकं, फाइली त्याहून नीटनेटक्या. मी इतिहासाचा हवाला दिला, तसा त्यांनी चौकशीचा कागद आनंदानं काढून दिला. आपली फाइल कोणीतरी वाचतंय याचा आनंद फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

फाइलीत एक फोटो होता. चार नंबरच्या खोलीचं दार, आतल्या बाजूनं. बटणाच्या शेजारी खडूच्या रेघा होत्या. चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, अशा पाचाच्या तीन जुड्या. मग चार सुट्या उभ्या. त्यातली शेवटची रेघ सरळ नव्हती, खाली घसरत जवळजवळ जमिनीपर्यंत गेली होती. जमिनीवर खडूचे दोन तुकडे.

पाच, दहा, पंधरा आणि चार. एकोणीस.

"पेट्यांची मोजणी आहे ती," साहेब म्हणाले. "मोजणीदार दारावरच जुड्या मांडायचे, मग वहीत उतरवायचे."

"वही आहे?"

होती. साहेबांकडे सगळंच होतं. शेवटची नोंद सहा वाजताची, वळणदार अक्षरात: 'खोली चार, पेट्या एकशे बारा. दार पुसलं.' आधीच्या प्रत्येक नोंदीखालीही तेच दोन शब्द होते. हा माणूस आकडा वहीत गेल्याशिवाय दार पुसायचा नाही आणि दार पुसल्याशिवाय वही मिटायचा नाही.

"साहेब, सहा वाजता त्यांनी दार पुसलं. त्यानंतर खोलीत एकही पेटी आली नाही. मग या एकोणीस रेघा कशाच्या?"

ते चष्मा पुसत बसले.

"त्यांनी बटण किती वेळा दाबलं ते मांडून ठेवलंय," मीच सांगितलं. "चहाचा हिशोब. बाहेरचे जास्त सांगून फसवतील म्हणून यानं आपलं टिपण ठेवलं. सुरुवातीला त्यालाही ती गंमतच वाटत असणार."

"असेल," साहेब हळूच म्हणाले. "पण बटण दाबलं म्हणजे घंटा वाजली असं होत नाही. तार तुटलेली होती."

"तुटलेली की कापलेली?"

हा मी अंधारात मारलेला खडा होता. पण साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा परत नाकावर चढवला.

"टोक सरळ होतं," शेवटी म्हणाले. "पकडीनं कापल्यासारखं. मी रिपोर्टात 'तुटलेली' लिहिलं. कापलेली लिहिलं असतं तर पोलीस आले असते, चहाचं प्रकरण निघालं असतं, मला माहीत असून मी चालू दिलं हेही निघालं असतं. नाहीतरी वायरमननं चूक कबूल केलीच होती. न विचारता."

"घंटा वाजायची त्या खोलीत कोण बसायचं?"

"दोघंच. कॉम्प्रेसरवाला, आणि कोपऱ्यात वायरमनचं टेबल. कॉम्प्रेसरवाल्यानं लिहून दिलंय, घंटा वाजली नाही म्हणून."

"आणि पकड कोणाकडे असायची?"

साहेबांनी फाइल बंद केली. "वायरमनकडे. आणखी कोणाकडे असणार?"

५

बुधवारी छापखान्यात मी तिला सगळं सांगितलं. लपवायचा विचार मनात आला होता, नाही असं नाही. पण ती प्रुफं तपासणारी बाई. गाळलेलं तिला लगेच कळलं असतं.

"म्हणजे वाक्य बाबांचंच," ती म्हणाली. "आणि तारही त्यांनीच कापली."

"बहुतेक."

"म्हणजे त्यांनी घंटा ऐकली, मोजली, गेले नाहीत, आणि मग झाकायला तार कापली." तिचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्यामुळेच मला तिच्याकडे बघवेना. "बाबा असतील तर बाबा, काका. पण नक्की कळू दे."

"नक्की नाही. एकोणीस हा आकडा कानानंही कळतो आणि डोळ्यानंही. वडिलांनी तो दारावरून वाचला असेल, तर ते संध्याकाळी त्या खोलीत असायलाच हवेत असं नाही. पण साहेबांकडून मागून आणलेला हा फोटो नीट बघ. शेवटची रेघ घसरलीय, खडू पडून मोडलाय. त्यानंतर त्या माणसाच्या हातात खडू राहिला नाही, पण बटण दाबायला कोपरही चालतं. ज्यानं दारावर मोजलं त्याच्याकडे एकोणीस. ज्यानं कानानं मोजलं त्याच्याकडे कदाचित जास्त."

तिनं मान वर केली. कोणाला विचारायचं हे मला सांगावं लागलं नाही.

मामा घरी मटार सोलत बसला होता. सत्तरीचा, बारीक, अंगात घरी विणलेला स्वेटर. भाचीला बघून चेहरा उजळला. "ये गं! आणि हे कोण? तुझे ते वाक्यवाले का?" त्यानं मलाही एक मूठ शेंगा सोलायला दिल्या. माणूस मला आवडला, हे सांगितलंच पाहिजे.

मी सदराची गोष्ट काढली. स्मरणिकेत एक वाक्य आहे, त्याचा नेमका पाठ हवाय, वगैरे. वाक्य म्हटल्यावर त्याचे हात थांबले नाहीत, फक्त सावकाश झाले.

"दाजींचं होतं ते," तो म्हणाला. "रागाच्या भरात बोलले असतील."

"तेच. पण छापताना मी आकडा कमी करणार आहे," मी म्हणालो. "विसाव्या घंटेची म्हणजे जरा अतीच होतं. लोक फुगवून सांगतात. आतला माणूस पाच-सहा वेळा वाजवील आणि गप्प बसेल. मी 'सहाव्या' करतो. जास्त खरं वाटतं."

"गप्प नाही बसला तो," मामा म्हणाला.

"पण वीस म्हणजे—"

"वीस कुठलं घेऊन बसलात? तेवीस वेळा वाजवली त्यानं."

एक दाणा भांड्याबाहेर पडून घरंगळत गेला. मामानं तो उचलायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

"दारावर एकोणीस होत्या, मामा," ती म्हणाली.

"दारावर?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "मी त्या खोलीत परत कधी गेलोच नाही." मग त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि पुढचं सगळं तो तिलाच सांगत राहिला. मी तिथे असून नसल्यासारखा होतो.

"दाजी त्या संध्याकाळी नव्हतेच. ताईला दवाखान्यात घेऊन गेले होते, तू पोटात होतीस. मी एकटा होतो. घंटा वाजली, मी म्हटलं, आला बकरा. बसलो मोजत. दहा झाल्या तेव्हा मला इतकं हसू येत होतं. म्हटलं, नऊचा विक्रम मोडला. कोणाला किती कप द्यायचे ते मनात वाटूनही टाकले. मध्येमध्ये बराच वेळ जायचा, मग परत वाजायची. तेवीस झाल्या आणि थांबली. मला वाटलं हमालांनी येताजाता उघडलं असेल दार. नेहमी कोणी ना कोणी उघडायचंच. मी उठून बघितलं नाही. पाळी संपली, घरी आलो, जेवलो आणि झोपलो. झोपलो गं मी."

"आणि बाबा?"

"सकाळी दार त्यांनीच उघडलं. साहेबांना कळवायच्या आधी मला घरून ओढत आणलं. मला घंटेखाली उभं केलं आणि स्वतः आत, त्याच्याजवळ जाऊन बटण दाबलं. वाजली. बाहेर येऊन विचारलं, 'काल वाजली होती?' मला खोटं सुचलं नाही, मान हलवली. त्यांनी पकड काढली आणि तार कापली. म्हणाले, 'तार तुटली म्हटलं तर माझी नोकरी जाईल. घंटा वाजली होती म्हटलं तर तू तुरुंगात जाशील, आणि तुझी बहीण या दिवसांत ते सोसायची नाही.' बस. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त कँटीनमध्ये तेवढं एकदा बोलले. सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून."

"आणि तू हसलास," ती म्हणाली.

"मी पहिला हसलो," मामा म्हणाला. "नाहीतर कोणाला तरी कळलं असतं."

६

गुरुवारी तिनं पान एक्केचाळीसचं प्रूफ मामासमोर ठेवलं. 'वायरमनच्या हलगर्जीपणामुळे' या ओळीवर तिनं आधीच काट मारली होती. समासात मामानं आपल्या हातानं चार ओळी लिहिल्या आणि सही केली. साहेबांनी ते वाचून फोनवर बरीच आदळआपट केली. मी त्यांना एवढंच विचारलं, की 'तुटलेली' हा शब्द मूळ कोणाचा ते मी माझ्या सदरात शोधू का? मग त्यांनीही सही केली.

माझ्या मते काम इथे संपलं होतं. पण ती म्हणाली, "आता मोजणीदाराच्या बायकोकडे जायचं."

"पोरी, जरा विचार कर," मी म्हणालो. "तार तुटलेली होती, हाक पोहोचलीच नाही, असं समजून ती बाई इतकी वर्षं जगलीय. तुझं खरं तिच्यासाठी त्याहून वाईट आहे. हाक पोहोचली होती. कोणीतरी ती मोजत बसलं होतं. कशाला सांगतेस?"

"काका, तिनं बत्तीस वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या. बाबांना त्या लागल्या, पण तिच्याही वायाच गेल्या ना? तिलाही ज्याच्या त्याला देऊ देत."

मामा न बोलता चपला घालून तयार झाला. मी सोबत गेलो, का ते मला सांगता येणार नाही. वाक्याचा उगम सापडल्यावर मी सहसा घरी जातो.

म्हातारी दाराशी बसली होती. आम्हाला येताना बघून उठली आणि दार लोटायला लागली. तेवढ्यात मामा खालच्या पायरीवरूनच बोलला, अगदी सरळ, एखादी नोंद वाचून दाखवावी तसा. घंटा वाजत होती. तार नंतर कापली. वायरमन तिथे नव्हता. मी होतो. मी ऐकत होतो.

तिचा हात दारावरच राहिला. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग तिनं विचारलं, "किती वाजवल्या?"

"तेवीस."

"शेवटची कशी वाजली?"

 

"लांब," तो म्हणाला. "बाकीच्या तुटक होत्या. शेवटची खूप लांब वाजली. बटण सोडलंच नाही त्यानं, बराच वेळ."

ती मान हलवत राहिली, जणू मनातलं काहीतरी जुळवून बघत होती. मग तिनं वायरमनच्या मुलीकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच.

"तू आत ये," ती म्हणाली.

मुलगी पायरी चढून आत गेली. दार बंद झालं. मामा खालीच उभा होता. थोडा वेळ वाट बघून मी म्हणालो, आता घरी चला, ऊन वाढतंय.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी थांबतो."